पिल्लाच्या पोटातले जंत, अंगावरचे गोचीड आणि पिसवा : घरी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

सांगोला (प्रतिनिधी) : भाद्रपद हा कुत्र्यांचा हंगाम. त्यानंतर साधारण ६३ दिवसांनी कुत्री वेते, म्हणजे दिवाळीच्या पुढे-मागे वस्त्या-वस्त्यांवर पिल्लं दिसायला लागतात. सध्या तालुक्यात कुठंही जा, कडब्याच्या गंजीखाली नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात चार-पाच पिल्लं वळवळताना दिसतील. त्यातलं एखादं पोरं उचलून घरी आणतात. रानात राखणीला कुत्रं लागतंच, म्हणून घरचेही नको म्हणत नाहीत.

पण यातली बरीच पिल्लं दोन-तीन महिने काढत नाहीत. पोट नगाऱ्यासारखं फुगतं, अंगावर नुसती कातडी राहते आणि एक दिवस पिल्लू उठत नाही. लोक म्हणतात, "त्याला लागीर झालं" किंवा "आईचं दूध तुटलं." खरं कारण बहुतेक वेळा पोटातले जंत, अंगावरच्या पिसवा आणि गोचीड हेच असतं. आणि काही पिल्लं तर रोगानं नाही, आपण केलेल्या उपचारानं मरतात.

हे मी ऐकून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीवर सव्वा महिन्याचं पिल्लू होतं. कानात, मानेला गोचीड भरले होते. म्हशीसाठी आणलेलं गोचिडाचं औषध गोठ्यात उरलं होतं. म्हशीला चालतं तर कुत्र्याला का नाही, म्हणून बादलीत झाकणभर टाकलं आणि पिल्लू बुडवून काढलं. गोचीड गळाले. संध्याकाळी पिल्लाच्या तोंडातून लाळ गळायला लागली, चालताना झोकांड्या जायला लागल्या. पहाटे बघितलं तर थंड पडलं होतं. औषध वाईट नव्हतं, दुकानदारानंही ते म्हशीसाठीच दिलं होतं. चूक माझी होती. पोरगं चार दिवस माझ्याशी बोललं नाही.

तेच दुसऱ्या कुणाच्या वस्तीवर होऊ नये म्हणून ही माहिती सविस्तर देत आहे.

पिल्लाला जंत झालेत हे कसं ओळखायचं?

- पोट फुगलेलं, पण पाठीचा कणा आणि बरगड्या हाताला लागतात.
- खाणं भरपूर, पण अंगी लागत नाही. केस राठ आणि निस्तेज.
- उलटीत किंवा शेणात पांढऱ्या शेवयांसारखे लांब जंत दिसतात. हे गोल जंत.
- शेण पातळ, काळं, डांबरासारखं आणि हिरड्या पांढुरक्या. हे आकडेकृमीचं लक्षण. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. ते बारीक असल्यामुळं शेणात सहसा डोळ्यांना दिसत नाहीत.
- शेपटीखाली किंवा शेणावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे, कधी कधी ते हलतातही. हे पट्टकृमीचे, म्हणजे चपट्या जंताचे तुकडे.
- पिल्लू बूड जमिनीवर घासत चालतं. याला दुसरीही कारणं असतात, पण वरचं एखादं लक्षण सोबत असेल तर जंताचा संशय घ्यावा.

सगळ्यात सोपी तपासणी हिरड्यांची. वरचा ओठ अलगद वर करून बघा. निरोगी पिल्लाची हिरडी गुलाबी असते. बोटानं दाबली की पांढरी होते आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी होते. काही पिल्लांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात. त्यांची जीभ किंवा डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू बघावी. हिरडी कागदासारखी पांढरी असेल तर घरी प्रयोग न करता थेट दवाखाना गाठावा.

बाहेर कुठं गेलं नाही, मग जंत आले कुठून?

हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर आहे, आईकडून. कुत्रीच्या मांसात गोल जंताच्या अळ्या झोपल्यासारख्या पडून असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत त्या जाग्या होतात आणि गर्भाशयातून पिल्लांच्या अंगात जातात. काही अळ्या दुधातून जातात. आकडेकृमीही दुधातून येतात, शिवाय ओल्या मातीतून पायाच्या कातडीवाटे आत शिरतात. म्हणून गावठी असो की विकत आणलेलं, प्रत्येक पिल्लाला जंत आहेत असंच धरून चालावं. लक्षणं दिसायची वाट बघू नये.

पट्टकृमीचं गणित वेगळं आहे. त्याची अंडी पिसवेच्या अळीच्या पोटात जातात. पुढं ती पिसू पिल्लानं अंग चावताना गिळली की पोटात पट्टकृमी वाढतो. म्हणजे पोटाला औषध दिलं आणि अंगावरच्या पिसवा तशाच ठेवल्या, तर महिन्या-दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

आधी वजन, मग औषध

औषधाचा डोस वजनावर ठरतो, अंदाजावर नाही. मोठ्या कुत्र्याला अर्धा किलोचा फरक चालून जाईल, पण दीड किलोच्या पिल्लाला अर्ध्या किलोची चूक म्हणजे डोस तिसऱ्या हिश्श्यानं चुकला.

वजनासाठी दवाखान्यातच जायला पाहिजे असं नाही. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पिल्लू टोपलीत ठेवून वजन करा आणि टोपलीचं वजा करा. घरी हुकाचा काटा असेल तर कापडी पिशवीत घालून लटकवा. पिल्लू जोरात वाढतं, म्हणून प्रत्येक डोसाच्या वेळी नव्यानं वजन करावं. मागच्या पंधरवड्याचं वजन आज चालत नाही.

वय माहीत नसेल तर

रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाचं वय पुढीलप्रमाणं ओळखता येतं.

- डोळे मिटलेले : दहा-बारा दिवसांच्या आतलं.
- डोळे उघडलेत, पण दात नाहीत : दोन ते तीन आठवडे.
- सुळे आणि पुढचे बारीक दात फुटतायत : तीन ते चार आठवडे.
- सगळे दुधाचे दात आलेत, सुईसारखे टोचतात : सहा ते आठ आठवडे.

जंताचं औषध : कोणतं आणि कधी?

पिल्लांसाठी पातळ औषध मिळतं. त्यात बहुतेक वेळा पायरँटेल हा घटक असतो, काहींत सोबत फेबँटेल असतं. गोल जंत आणि आकडेकृमी यांच्यावर ते चालतं. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल लागतं. पिल्लू थोडं मोठं झालं की तिन्ही घटक असलेली गोळी मिळते. गुरांच्या औषधाच्या दुकानात मागताना "कुत्र्याच्या पिल्लाचं जंताचं औषध" असं स्पष्ट सांगावं. नुसतं "जंताचं औषध" म्हटलं की शेळीचं हातात पडतं.

डोसाचं वेळापत्रक असं :

- पहिला डोस : दोन आठवड्यांचं झाल्यावर, म्हणजे डोळे उघडल्यावर
- दुसरा : चार आठवड्यांना
- तिसरा : सहा आठवड्यांना
- चौथा : आठ आठवड्यांना
- त्यानंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्यातून एकदा
- पुढं आयुष्यभर दर तीन महिन्यांनी

पिल्लू उशिरा हाती आलं असेल तर आज पहिला डोस आणि पंधरा दिवसांनी दुसरा, अशी सुरुवात करावी. पिल्लांसोबत आईलाही तिच्या वजनाप्रमाणं औषध द्यावं. पिल्लांना दिलं आणि आईला नाही, तर जंत तिच्याकडून परत येतात.

एकच डोस का पुरत नाही? कारण औषध आतड्यातले जंत मारतं. फुफ्फुसात, यकृतात फिरणाऱ्या अळ्यांपर्यंत ते नीट पोचत नाही. त्या अळ्या पंधरा दिवसांत आतड्यात येऊन मोठ्या होतात. त्यांनी अंडी घालायच्या आत दुसरा डोस बसला पाहिजे. बरेच जण पहिल्या डोसाला जंत पडलेले बघतात, समाधान मानतात आणि तिथंच थांबतात. तिथंच घोटाळा होतो. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.

डोसाचं उदाहरण : बाटलीवर "एक किलो वजनाला १ मिलि" असं लिहिलं असेल आणि पिल्लू १ किलो ८०० ग्रॅम असेल, तर १.८ मिलि. गोळीच्या पाकिटावर "१० किलोला एक गोळी" असेल आणि पिल्लू अडीच किलोचं असेल, तर पाव गोळी. प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं. शेजाऱ्याच्या बाटलीचा डोस आपल्या बाटलीला लावू नका. लेबलवरचं अक्षर बारीक असतं, तर मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचा.

औषध पाजायची पद्धत

१. सुई काढलेली बारीक सिरिंज घ्या. चहाच्या चमच्यानं माप चुकतं.

२. बाटली चांगली हलवा. औषध खाली बसलेलं असतं.

३. पिल्लाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्या. डोकं सरळ ठेवा, आकाशाकडं वर करू नका. तसं केलं की औषध श्वासनळीत जायची भीती असते.

४. सिरिंजचं टोक गालाच्या बाजूनं, दातांच्या मागं ठेवा. थेंब थेंब सोडा. पिल्लू गिळतंय ना ते बघा, मग पुढचा थेंब.

५. गोळी असेल तर कुटून भाकरीच्या दोन घासांत किंवा थोड्या दह्यात कालवून द्या. सगळं खाल्लं का ते उभं राहून बघा.

औषधानंतर एक-दोन दिवस शेणात जंत पडतात, शेण थोडं पातळ होतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पिल्लाच्या पोटात जंतांचा गुंता फार असेल तर ते एकदम मरून आतड्यात अडकू शकतात. औषधानंतर सारखी उलटी, पोट कडक, शेण बंद असं झालं तर वाट बघत बसू नका. आणि पिल्लू आधीच इतकं अशक्त असेल की दूधही पीत नाही, तर औषध घरी देऊच नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

गोचीड

पिल्लावर गोचीड कुठं असतात? कानात, कानामागं, मानेला, काखेत, पायांच्या बोटांच्या मध्ये आणि शेपटीखाली. रोज पाच मिनिटं हात फिरवून बघावं.

दीड-दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे हातानं काढणं. वेळ जातो, पण पिल्लू जगतं.

- हातात मोजा किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला.
- बारीक चिमट्यानं गोचीड कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. पीळ देऊ नका, झटका देऊ नका.
- काढलेला गोचीड साबणाच्या घट्ट पाण्यात टाका. नखानं किंवा दगडानं चिरडू नका. त्याच्या रक्तातले रोगजंतू आपल्या हाताच्या जखमेतून आत जाऊ शकतात.
- गोचिडावर रॉकेल, पेट्रोल किंवा पेटती काडी लावू नका. पिल्लाची कातडी भाजते आणि गोचीड सुटायच्या आधी पोटातलं जखमेत ओकतो.
- जागेवर थोडं जंतुनाशक लावा आणि हात साबणानं धुवा.

पिल्लाच्या वयाला चालणारी अंगावर लावायची औषधं मिळतात. पण काही थेंब मानेवर टाकायचे असतात, काही फवारायचे, काही गोळ्या असतात. काही आठ आठवड्यांच्या आत चालत नाहीत, काहींना दोन किलो वजन लागतं. म्हणून पिल्लाचं वय आणि वजन सांगून डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

गोचिडाचं खरं घर कुत्रं नाही, भिंत आहे. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि तिथं हजारांवर अंडी घालते. पिल्लाच्या झोपायच्या जागेशेजारच्या फटी सिमेंटनं किंवा मातीनं लिंपून घ्या. कडब्याच्या ढिगाला लागून पिल्लू बांधू नका. गोठ्यात फवारणी करायची असेल तर पिल्लू दुसऱ्या जागी हलवा आणि जागा पूर्ण वाळल्याशिवाय परत आणू नका.

गोचीड नुसतं रक्त पीत नाही, गोचीडतापही देतो. गोचीड लागून गेल्यावर ताप, सुस्ती, नाकातून रक्त, लघवी लाल किंवा कॉफीच्या रंगाची दिसली, तर तो रक्तातला आजार असतो. त्याला जंताचं औषध चालत नाही.

पिसवा

पिसवा पटकन पळतात, म्हणून दिसत नाहीत. ओळखायची युक्ती सोपी आहे. पिल्लाला पांढऱ्या कापडावर उभं करून केस उलटे विंचरा. काळी बारीक भुकटी पडेल. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. भुकटी विरघळून तांबडी झाली तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचंच रक्त आहे. साधी माती तांबूस होत नाही.

लहान पिल्लाला पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊन ते मरू शकतं. उपाय असा :

- उवांच्या बारीक फणीनं दिवसातून दोनदा विंचरा. फणी साबणाच्या पाण्यात बुडवत राहा.
- पिल्लू सहा आठवड्यांच्या वरचं आणि खातं-पितं असेल तर अंघोळ घालता येते. दुपारच्या उन्हात, कोमट पाण्यानं, लहान बाळाच्या सौम्य साबणानं. सुरुवातीला मानेभोवती साबणाचा फेस गोल लावा, म्हणजे पिसवा डोक्याकडं पळत नाहीत. मग बाकीचं अंग. डोळ्यांत-कानांत पाणी जाऊ देऊ नका. लगेच कोरडं पुसून उबेला ठेवा. सध्याच्या थंडीत ओलं पिल्लू रात्रभर राहिलं तर गारठून मरतं.
- अंथरूण, म्हणजे गोणपाट, जुनी चादर, आठवड्याला उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवा. पिसवांची अंडी आणि अळ्या अंगावर कमी, अंथरुणात आणि मातीत जास्त असतात.
- जागा रोज झाडून केर जाळा किंवा लांब टाका.

पिसवांचे कोष मातीत कित्येक आठवडे तसेच राहतात. म्हणून अंथरूण धुणं आणि विंचरणं दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं. आठ दिवसांत कंटाळलात तर परत येणार.

कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं अंग पुसायला हरकत नाही, कातडी स्वच्छ होते. पण त्यानं चिकटलेला गोचीड मरत नाही, एवढं ध्यानात ठेवा. कडुलिंबाचं तेल मात्र निखळ लावू नका, पिल्लू ते चाटतं.

खरूज

डोळ्यांभोवती, कानांच्या कडेला, कोपरांवर केस जाऊन कातडी जाड झाली, पिल्लू रात्रंदिवस खाजवतंय, तर ती खरूज असू शकते. ती दोन-तीन प्रकारची असते आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. एक प्रकार माणसालाही खाज देतो. खरडून कातडी तपासल्याशिवाय नक्की कळत नाही, म्हणून यात घरगुती उपाय करत बसू नये.

हे अजिबात करू नका

गावाकडं चालत आलेले हे उपाय पिल्लाचा जीव घेतात :

१. गुरांचं आयव्हरमेक्टिन. गुरांच्या इंजेक्शनमध्ये १ मिलिमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं आणि १ मिलि हा ५० किलो वजनाचा डोस असतो. त्या हिशेबानं दोन किलोच्या पिल्लाचा वाटा ०.०४ मिलि, म्हणजे जेमतेम एक थेंब. सिरिंजची एक रेघ चुकली की डोस दुप्पट-तिप्पट. लाळ, झोकांड्या, आंधळेपणा, बेशुद्धी आणि मरण. लहान पिल्लाला तर हे द्यायचंच नसतं.

२. गुरांवर मारायचं गोचिडाचं औषध. अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांची गुरांची बाटली पिल्लासाठी नाही. माझी चूक हीच होती.

३. शेतीचं कीटकनाशक. काही जण म्हणतात, कुत्र्याच्या फवाऱ्यातही फिप्रोनिल आणि पिकाच्या औषधातही फिप्रोनिल, मग काय फरक? फरक असा, की कुत्र्याच्या फवाऱ्यात ते पाव टक्का असतं आणि पिकाच्या बाटलीत ५ टक्के, म्हणजे वीसपट. शिवाय त्यात मिसळलेले बाकीचे पदार्थ अंगाला लावायचे नसतात.

४. जळकं ऑइल, रॉकेल, डिझेल. खरजेवर ट्रॅक्टरचं काळं ऑइल लावायची पद्धत आहे. पिल्लू ते चाटतं, कातडीतूनही ते आत जातं. यकृत-मूत्रपिंड निकामी होतं.

५. तंबाखूचं पाणी, डांबरगोळी. दोन्ही विष आहेत.

६. लसूण-कांदा चारणं. माणसाला चांगला म्हणून कुत्र्याला चालतो असं नाही. लसूण-कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जंतानं आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लाला तो घातक.

७. शाळेतली अल्बेंडाझोलची गोळी. ती ४०० मिलिग्रॅमची मुलांची गोळी आहे. कुत्र्यात हे औषध रक्त तयार होण्याचं काम बिघडवू शकतं.

८. शेळी-मेंढीचं जंताचं औषध. त्यात कधी लेव्हामिसोल, कधी क्लोसँटेल असतं. पिल्लासाठी ही फार थोड्या फरकानं विषारी ठरतात.

चुकून लावलं किंवा चाटलं तर

अंगावर लावलेलं असेल तर लगेच सौम्य साबण आणि भरपूर कोमट पाण्यानं धुवा, दोन-तीन वेळा. धुताना स्वतः मोजे घाला. कोरडं करून उबेला ठेवा. पोटात गेलं असेल तर मीठ-पाणी, तेल, दूध पाजू नका आणि ओकारी काढायला लावू नका. रॉकेलसारखं असेल तर ओकताना ते फुफ्फुसात जातं. औषधाची बाटली सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. बाटलीवरच्या घटकाच्या नावावर उपचार ठरतो. मी त्या रात्री "सकाळी बघू" म्हटलं होतं. सकाळ त्याच्यासाठी उजाडली नाही.

थेट दवाखान्यात कधी?

- हिरड्या पांढऱ्या
- रक्ताची, घाण वास येणारी हगवण आणि सोबत उलट्या. हा पार्व्हो असू शकतो. तो विषाणूचा आजार आहे, जंताच्या औषधानं बरा होत नाही. यात एकेक तास महत्त्वाचा.
- मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर पटकन खाली बसत नाही, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय
- पिल्लू थंड लागतंय, उठत नाही, दूध सोडलंय
- झटके, लाळ, झोकांड्या

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यालाही दाखवता येतं, तो फक्त गाई-म्हशींचा नाही. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक आहे. फिरतं पथक आपल्या भागात केव्हा येतं ते तिथं विचारून घ्यावं.

जंत काढून झाल्यावर लस विसरू नका. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस, नंतर डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस, आणि तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस. जंतानं पोखरलेल्या पिल्लात लस नीट काम करत नाही, म्हणून लसीच्या आठवडाभर आधी जंताचा डोस झालेला बरा.

हा फक्त पिल्लाचा प्रश्न नाही

पिल्लाशी सगळ्यात जास्त खेळतात ती घरातली लहान मुलं. गोल जंताची अंडी मुलांच्या पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुफ्फुसात, कधी डोळ्यात जातात. पण ताज्या शेणातली अंडी लगेच लागण करत नाहीत, मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर करतात. म्हणून पिल्लाचं शेण रोजच्या रोज उचलून खोल खड्ड्यात पुरणं, हाच निम्मा उपचार आहे. ते भाजीच्या वाफ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. आकडेकृमीच्या अळ्या अनवाणी पायातून शिरतात आणि कातडीवर खाजणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघा उठतात. मुलांना चप्पल घाला, जेवणाआधी हात साबणानं धुवायला लावा.

माणदेशात आपल्याकडं मेंढरं जास्त, जत्रा जास्त. बकरं कापलं की काळजात, फुफ्फुसात कधी पाण्याच्या गाठी निघतात. आपण ते काढून कुत्र्याला टाकतो. त्या गाठींत एका पट्टकृमीची पिल्लावळ असते. ती कुत्र्याच्या पोटात वाढते, अंडी शेणातून बाहेर पडतात, केसांना चिकटतात आणि माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या काळजात तशाच गाठी होतात. त्या वर्षानुवर्षे वाढतात आणि शेवटी ऑपरेशन करावं लागतं. म्हणून अशा गाठींचं मांस कुत्र्याला कच्चं टाकू नका, खोल पुरा. कुत्र्याला आतडी-काळीज घालायचंच असेल तर चांगलं शिजवून घाला.

आणि एक. रस्त्यावरचं अनोळखी पिल्लू चावलं किंवा नख लागून ओरखडा आला, तर "लहान पिल्लू आहे, काय होतंय" म्हणू नका. रेबीज पिल्लालाही होतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हळद, मिरची, चुना भरू नका.

थोडक्यात

वजन करा. पिल्लाचं म्हणून मिळणारं औषध आणा. पंधरा दिवसांनी परत द्या. आईलाही द्या. गोचीड हातानं काढा. अंथरूण उकळा. शेण पुरा. गोठ्यातली आणि शेतातली बाटली पिल्लापासून लांब ठेवा.

यंदा आमच्या वस्तीवर परत एक पिल्लू आहे. पोरानंच आणलंय. पहिल्या डोसाला मूठभर जंत पडले, दुसऱ्याला दोन-चार. गोचीड रोज संध्याकाळी धार काढून झाल्यावर पोरगं स्वतः चिमट्यानं काढतं. काल किराणा दुकानात वजन केलं, २ किलो ६०० ग्रॅम भरलं. पुढच्या डोसाची तारीख त्यानंच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

(वरील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध देण्यापूर्वी पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा. आपल्या वस्तीवर, गावाच्या ग्रुपवर कुणाकडं पिल्लू असेल तर ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचवावी.)